सरवरीनं दिवसा सांगितलेली गोष्ट

सरवरीवर माहा पहिल्यापासून संशय होता. हे अगुदर सांगून ठेवते, म्हणजे मागून कोणी म्हणायले नको का गोजरबाई मेलेल्या बाईबद्दल गोड गोड बोलून राह्यली. मले गोड बोलता येत नाई. आमच्या घराण्यातच ते नाई. माही माय दळून आलेलं पीठ हुंगून पाहायची, का शेजारणीनं त्यात आपली किडकी जवारी तर नाई मिसळली. मी तिचीच लेक.

हे सारं इंग्रजाच्या वेळचं. आमचं वऱ्हाड तवा नागपूरच्या सरकारले जोडलेलं होतं, अन् लोणारच्या पलीकडं थोडं गेलं का मोगलाई लागायची, म्हणजे निजामाचा मुलूख. इकडून कोणी पळालं अन् शीव ओलांडून तिकडं गेलं, का इकडचा फौजदार हात चोळत बसे. हे ध्यानात ठेवजा, कारण माहा सारा संशय तिथूनच निघाला.

जानेफळात पिंजाऱ्याचं घर एकच, रहेमतुल्लाचं. सरवरी त्याची लेक. वेचणी झाली, घरचा कापूस घरात आला, का लोक त्यायले बोलावत. बापलेक सकाळीच आवारात येऊन बसत. रहेमतुल्ला ती मोठी कमान टांगे अन् तिच्या तांतीवर, त्या ताणलेल्या दोरीवर, लाकडी मोगरी हाणून कापूस पिंजे. तंय्य तंय्य आवाज दोन गल्ल्या पल्याड ऐकू जाये. सरवरी पिंजलेला कापूस खोळीत भरायची, काठीनं सारखा करायची, अन् मंग लांब सुईनं टाके घालायची. टाका तिचा सरळ होता. ते मी नाई म्हणत नाई.

तिचं लग्न अमडापूरले झालं होतं, फकीर मोहम्मद नावाच्या पिंजाऱ्याशी. एक पोरगीही झाली. मंग मानमोडीच्या तापाची साथ आली अन् एका हप्त्यात नवरा गेला, पोरगी गेली. सासरच्यांनी काही दिवस ठेवून घेतलं, दोन वक्ताची भाकर दिली, दोन माणसाचं काम घेतलं, अन् एक दिवस बापाच्या दारात आणून सोडलं. वय काय होतं तिचं? पोरच होती. आम्ही बाया पाहायले गेलो तर ती भिंतीले टेकून बसली होती, अन् हातात एक लहानशी झबल्याची चिंधी धरली होती. मी तवाही मनात म्हटलं, ही बाई सरळ नाई राहणार आता. कुठी तरी वाकडी जाईल.

वाकडी गेली नाई, पण गोष्टी सांगू लागली. माह्या मनाले ते वाकडं गेल्यासारखंच होतं.

जुन्या गोष्टी कोणीही सांगते हो. एक राजा होता, त्याच्या दोन राण्या, एक आवडती, एक नावडती. सरवरी तसल्या नाई सांगायची. ती नव्या जुळवायची. तिच्या गोष्टीत बोलणारी झाडं, पाण्याखालची गावं, आंधळे देव, सारं असे, पण मधोमध एक पोरगी असलीच पाहिजे. त्या पोरीचं कोणी तरी मेलेलं नाई तर हरवलेलं, अन् ती कुठून तरी सुटायले पाहून राह्यलेली. एक गोष्ट पंधरा-पंधरा दिवस चाले. बाया सांजच्याले चुली आटपून तिच्या ओसरीवर जमत. शाळेतले तुळशीराम मास्तर एकदा बाहेर उभे राहून ऐकत होते. म्हणे, "गोजरबाई, याले कादंबरी म्हणतात. पुण्या-मुंबईले छापतात असं." मी म्हटलं, "छापोत नाई तर चुलीत घालोत. आमच्या पोरींच्या डोक्यात काऊन भरून राह्यली ही?"

मी तिले तोंडावर विचारलं होतं. "काय वं सरवरे, तुह्या गोष्टीत दरखेपी पोरगीच काऊन? पोरगा काऊन नाई?"

ती टाका घालता घालता म्हणे, "मावशी, पोराले दार उघडंच असते. तो चालू लागला का गोष्ट संपली. त्याचं काय सांगू?"

पाहा! पिंजाऱ्याची पोरगी, अन् मले असं बोलते. मी त्या दिवशी तिले चहा नाई दिला.

पण एक पथ्य ती पक्कं पाळायची. दिवसा गोष्ट नाई. आमच्याकडं बारक्या लेकरालेही ठाऊक हाय, दिवसा गोष्ट सांगितली का मामा रस्ता भुलते. तुमचा मामा वाटेत कुठी असला, तर तो भलत्याच गावाले लागते. हिंदू असो का मुसलमान, मामा सर्वांलेच असते, म्हणून हे सारेच पाळत. सरवरी दिवसा तोंडानं सांगत नसे, नुसती जुळवत असे. अन् ती जुळवायची कशी? चिंध्यांनी. खोळ शिवताना जे तुकडे उरत ते ती समोर मांडायची. हिरवा तुकडा म्हणजे पोरगी. काळा म्हणजे देव. निळी पट्टी म्हणजे नदी. मंग इकडचा तुकडा तिकडं, तिकडचा इकडं, अन् मान हलवून पुन्हा पहिल्या जागी. गादी शिवून राह्यली का सारीपाट खेळून राह्यली, पाहणाऱ्याले कळू नये.

आता माह्या शालूचं सांगते.

शालू माही धाकटी. लग्नाले वरीसही नीट झालं नव्हतं, जावयाले वावरात पान लागलं, म्हणजे साप चावला. वैद्य येईपर्यंत सरला. चांगला पोरगा होता. शालू माहेरी येताना त्याच्यासोबत दमणीत, त्या हलक्या बैलगाडीत, हसत यायची, मी डोळ्यानं पाह्यलेलं हाय. आखाडात तिले आम्ही घरी आणली, अन् तवापासून ती बोलेनाच. रडलीही नाई. एक टिपूस नाई. काम करायची, बोलावलं तर हूं म्हणायची, जेवायची दोन घास. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला तर पाठ कडक. मायच्या जिवाले काय होते ते कोणाले सांगू? शालूचे बाबा वावरात जाऊन बसत. ते सुटले. मी घरात होती.

आमच्यात विधवेचा पाट लावतात, म्हणजे दुसरं लग्न, त्यात वावगं काही नाई. कारभारी नावाचा माहा भाऊ सुलतानपूरले राहते. त्यानं स्थळ आणलं, अमडापूरचे नारायणराव. चिरेबंदी घर, विहिरीचं वावर. दोन बायका होऊन वारल्या होत्या, दोन्ही तापानं. वय जरा जास्ती. पण कारभारी म्हणे, "बाई, विधवा पोरीले यापरीस काय भेटणार? आपण मेल्यावर भावजया तिले नीट वागवतील काय?" तेही खरंच होतं. मी हो म्हटलं. पोरीले विचारलं काय, असं तुम्ही आता विचारसान. तवा कोण विचारत होतं? मले कोणी विचारलं होतं?

पाटात पोरीसोबत नवी गादी अन् पांघरायले नवा लेप द्यायचा, हा आमच्या घरचा रिवाज. म्हणून मी रहेमतुल्लाले सांगावा धाडला. म्हातारा दोन दिवस येऊन कापूस पिंजून गेला. पुढचं भरायचं, शिवायचं काम सरवरीचं. मी शालूले तिच्या हाताखाली बसवली.

चवथ्या का पाचव्या दिवशी मी चुलीपाशी होती, अन् ओसरीवर कोणी तरी हसलं. मी दचकली. माही शालू हसून राह्यली होती.

दुसरी कोणी माय असती तर देवापुढं साखर ठेवती. माह्या मनात पहिलं काय आलं? हिनं पोरीले काय चारलं?

तवापासून मी नजर ठेवली. मी ओसरीवर गेली का दोघी गप. मी आत आली का कुजबुज सुरू. सरवरी सांजच्याले निघाली का मी काही ना काही निमित्त काढून तिचं बोचकं पाहे. सुया, दोरा, अर्धी भाकर. काही नाई. काही नाई म्हटल्यावर तर माहा संशय वाढलाच. चोराच्या बोचक्यात कधी काही सापडते काय?

मंग एक दिवस मी अनवाणी गेली, आवाज न करता, अन् दाराच्या फटीतून पाह्यलं. गादीच्या खोळीवर चिंध्या मांडल्या होत्या. गोल भिंतीसारखं एक कडं केलं होतं, पांढऱ्या तुकड्यांचं. कड्यात हिरवा तुकडा. कड्याबाहेर लांब निळी पट्टी.

शालू सरवरीले म्हणे, "नदी पार केली का राजाचा हुकूम नाई चालत ना, आपा?"

"नाई चालत. तिकडं दुसऱ्याचा अंमल."

"मंग झालं की."

"काय झालं? नदीपर्यंत जाईल कशी? भिंतीले दार नाई. वरून पहारा. पंख देऊ म्हटलं तर ते लय सोपं होते. देवानं उचलली तर त्याची बांदी होईल. तू सांग, कशी काढू हिले?"

 नदी म्हणजे आमची पैनगंगा. तिकडं दुसऱ्याचा अंमल म्हणजे लोणारच्या पुढची मोगलाई. पहारा म्हणजे मी! पोरगी पळवायचा बेत चालला होता माह्याच ओसरीवर, माह्याच कापसावर बसून.

अन् अजून एक दिसलं. त्या पांढऱ्या कड्याच्या आतल्या अंगाले एक जांभळा तुकडा लावून ठेवला होता. तो माह्या लुगड्याचा होता. मी मागच्या साली फाडलं त्या लुगड्याचा. माह्या लुगड्याचं तिथं काय काम? मले करणीचा वास आला. मी तशीच मागं फिरली अन् देव्हाऱ्यापुढचा अंगारा कपाळाले लावला.

सांजच्याले शालूच्या बाबांले सांगितलं. ते म्हणे, "अवं, चिंध्या हायत त्या."

"चिंध्या नाई, नकाशा हाय."

"तुले नकाशा कधीपासून समजते?"

या माणसाशी बोलण्यात अर्थ नव्हता. मी सुलतानपूरकडं जाणाऱ्या एका गाडीवानाजवळ सांगावा धाडला, का कारभारी, बेस्तरवारी ये, इथून तसाच अमडापूरले जा अन् सुपारी फोडून टाक. उशीर नको. एकदा सुपारी फुटली म्हणजे शब्द पक्का, मंग पोरगी कुठी जाते?

बेस्तरवार आला. मी सकाळीच पुरण शिजायले टाकलं. दुपारी जेवणं झाली, मी म्हटलं, "मी जरा शेजारच्या गीताबाईकडून जाऊन येते," अन् पुढल्या दारानं निघून मागल्या दारानं घरात आली. ओसरीच्या भिंतीले लागून आमची जवारीची कणगी होती, माणसाएवढी उंच. तिच्या मागं मी बसली. म्हटलं, आज यांचा बेत कानानं ऐकते अन् जागीच धरते.

ऊन आवारात पसरलं होतं. अन् त्या उन्हात सरवरी गोष्ट सांगून राह्यली होती. कुजबुज नाई, चांगली मोठ्यानं.

"तर ते शहर होतं खोलगट डोंगराच्या बुडाशी, अन् त्याच्या चहूकडून मिठाची भिंत. ते मीठ कुठून आलं? त्या शहरात जो कोणी रडे त्याच्या आसवाचं मीठ होऊन भिंतीले जाऊन लागे, अन् भिंत वाढे. तिथं जुगनू नावाची एक पोरगी होती; तिचा जोडीदार मेला तवा तिनं वर पाह्यलं. भिंत आभाळाले टेकाले आली होती. ती म्हणे, मी रडली तर ही अजून वाढेल. म्हणून ती रडेना. बोलेना. लोक म्हणत, पोरगी दगड झाली."

"मोठ्यानं सांग, आपा," शालू म्हणे.

"सांगते. त्या शहराच्या राजानं तिले मागणी घातली. त्याच्या दोन राण्या आधी होऊन गेल्या होत्या. राजा मोठा शौकीन. दरेक राणीसाठी नवा पलंग, नवी गादी, नवी उशी. दारातून पाहणाऱ्याले वाटे, काय भाग्य! पण त्या पलंगावर कोणी झोपलेलं त्या शहरात कोणी पाह्यलं नव्हतं. राण्या भुईवर निजत, गोठ्याच्या ओलीत. जुगनूची माय म्हणे, पोरीचं भलं होईल. ती माय काही वाईट नव्हती. तिले भेव होतं, एवढंच. ती मोत्यांच्या राशीमागं लपून बसे अन् पोरीवर पहारा करे. अन् तिले ठाऊक नव्हतं, का भिंतीले दार नाई असं सारे म्हणतात ते खोटं हाय. दार होतं. जिथं ती बसत होती तिथंच होतं, तिच्या पाठीमागं. तिच्या पाठीनंच ते झाकलं होतं."

खोटं काऊन बोलू, मले पुढचं ऐकायचं होतं.  माही पाठ भिंतीले टेकलेली, अन् माह्या मनात एकच, का आता ही माय उठते का नाई.

अन् एकदम माह्या डोक्यात उजेड पडला. दिवस! भर दुपार! अन् कारभारी वाटेवर!

"अवं रांडे, दिवसा!" मी कणगीमागून अशी उठली का वरचं टोपलं खाली आलं. "माहा भाऊ वाटेत हाय अन् तू दिवसाढवळ्या गोष्ट सांगते? तुले मामा नाई, म्हणून दुसऱ्याच्या मामावर उठली काय?"

शालू पांढरीफटक पडली. सरवरी सुई गादीले टोचून उभी राह्यली.  मी तिले काय काय म्हटलं ते आता सांगत नाई. ती खाली मान घालून बोचकं उचलून गेली.

कारभारी आला नाई.

दिवे लागले, पुरण गार झालं, कारभारी आला नाई. शालूचे बाबा मेहकरच्या रस्त्यानं पाहून आले. वाटेतले लोक म्हणत, हाव, दमणी पाह्यली, दुपारीच पाह्यली, जानेफळाकडंच येत होती. मंग गेली कुठी? मले जेवण गेलं नाई. एकुलता भाऊ माहा. दमणी नाल्यात उलटली का काय, चोरानं मारलं का काय, सारं मनात येऊन गेलं. अन् दर खेपी डोळ्यापुढं ती सरवरी, उन्हात बसून गोष्ट सांगणारी.

सकाळी मी रहेमतुल्लाच्या दारात जायले निघाली, तर सरवरीच आमच्या आवारात उभी. गादीचे दोन टाके राह्यले होते म्हणे. मी तिच्या अंगावर धावली. "माह्या भावाचं बरंवाईट झालं, तर तुले गावात राहू देणार नाई! इतकी सालं पथ्य पाळलं, अन् कालच कशी भुलली वं?"

सरवरीनं वर पाह्यलं, माह्याकडं नाई, माह्या मागं. मागं शालू होती.

"आपा भुलली नाई," शालू म्हणे. पाच महिन्यांत एवढा मोठा आवाज मी तिचा ऐकला नव्हता. "मी सांगायले लावली. पाया पडून. मामा रस्ता भुलावा म्हणून."

मी तिच्याकडं वळली.

"मामा नाई आला तर सुपारी फुटणार नाई," ती म्हणे. "मले दुसरं काही सुचलं नाई, माय."

काय सांगू तुम्हाले. मी नदी पाह्यली, मोगलाई पाह्यली, करणी पाह्यली. पळून जायचा बेत पाह्यला. अन् माह्या पोरीचा बेत केवढा? दिवसा एक गोष्ट सांगायची, मोठ्यानं सांगायची, अन् मामा चुकेल म्हणून वाट पाहायची. लहान लेकरू करते तसं. मायले नाई म्हणता येईल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.  मी ओट्यावर बसली.

जरा वेळानं मी सरवरीले म्हटलं, "तू अमडापूरची सून. त्या नारायणरावाचं घर तू पाह्यलं होतं?"

"हाव, मावशी. सासरी होती तवा त्याच्या दोन्ही बायकांच्या गाद्या मी भरल्या. दुसरी वारल्यावर त्या गाद्या पुन्हा पिंजायले आमच्याकडं आल्या." तिनं गादीवरून हात फिरवला. "गादीवर माणूस निजलं का कापूस दबते. सालभर निजलं तर त्याच्या चकत्या होतात. त्या गाद्यांतला कापूस आम्ही भरला तसाच होता. फुललेला."

"अन् हे तू मले सांगितलं नाई?"

"मी पिंजाऱ्याची. तुमच्या सोयरिकीत मी तोंड घातलं असतं, तर तुम्ही ऐकलं असतं?"

नसतं ऐकलं. झाडू घेऊन हाकलली असती. मी तिले तसं सांगितलंही. ती जरासी हसली.

तेवढ्यात घुंगरं वाजली. कारभारीची दमणी, अन् तीही खामगावच्या अंगानं, उलट्या बाजूनं! धुळीनं भरलेला, फेटा वाकडा, तोंड ओशाळलेलं. खाली उतरला अन् म्हणे, "काय सांगू बाई! मेहकर सोडलं, ऊन मस्त होतं, जरासा डोळा लागला. हे बैल सालोसाल कापूस घेऊन खामगावच्या बाजाराले जातात. त्यायले वाटलं मालक तिकडंच निघाला. तुह्या गावाच्या शिवेवरून गेले अन् मले पत्ता नाई! जाग आली तवा दिवस बुडून राह्यला होता. तिथंच एका ओळखीच्याकडं पडलो."

शालूनं सरवरीकडं पाह्यलं. सरवरीनं खाली पाह्यलं. मी दोघींकडंही पाह्यलं.

कारभारी हातपाय धुऊन जेवला, शिळी पुरणपोळी तुपासंग. पान लावलं अन् म्हणे, "चाल आता, मी उठतो. दिवस हाय तोवर अमडापूर गाठतो. नारायणराव वाट पाहून राह्यले असतील. सुपारी फोडतो अन् दिवस धरूनच येतो."

सरवरी बोचकं बांधून निघाली होती. गादी पुरी झाली होती, ओसरीवर गुंडाळून ठेवली होती. शालू तिच्याजवळ उभी, पुन्हा तशीच, पाठ कडक.

मी म्हटलं, "सरवरे, थांब. बोचकं ठेव खाली. कालची गोष्ट अर्धी राह्यली. सांग पुढं."

कारभारी हसला. "बाई, डोकं फिरलं काय तुहं? दिवसा? मले अजून अमडापूर गाठायचं हाय!"

"म्हणूनच म्हटलं."

"म्हणजे?"

"म्हणजे तू अमडापूरचा रस्ता भुलला पाहिजे. आज भुल, उद्या भुल, जन्मभर भुल. माही पोरगी त्या घरी जाणार नाई."

तो ताडकन उठला. "अवं, मी शब्द दिला हाय! माह्या तोंडाले काळं फासते काय?"

"शब्द तू दिला, तूच परत घे. तुले जमत नसल तर मी येते दमणीत बसून. चार लोकांत त्याले विचारते, का बाप्पा, तुह्या दोन्ही बायका कुठी निजत होत्या?"

 कारभारीनं शालूच्या बाबांकडं पाह्यलं. ते आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर बोलले. म्हणे, "कारभारी, बैल सोड. आज जाऊ नको."

अन् तवा शालू रडली. आधी आवाज आला नाई, नुसते खांदे हलले. मंग अशी रडली का शेजारच्या बाया दारात आल्या. मी तिले कुशीत घेतली. म्हटलं, "रड, माय, रड. आपल्या घराले मिठाची भिंत नाई."

कारभारी दोन महिने माह्याशी बोलला नाई. मंग बोलला. भाऊ हाय, जाते कुठी? शालूचा पाट पुढं दोन सालांनी लागला, जानेफळातल्याच एका पोराशी, तिनं हाव म्हटल्यावर. गादी तीच दिली. काही सालांनी ती गादी पिंजायले आली, तवा सरवरीनं खोळ उसवली, मले बोलावलं अन् आत बोट खुपसून दाखवलं. कापूस दबून चपाटा झाला होता.  मी तिले चहा दिला, दूध घालून.

सरवरी म्हातारी होऊन मेली. शेवटपर्यंत गोष्टी जुळवत होती. दर सालच्या गोष्टीतली पोरगी मागच्या सालच्या पोरीपरीस जरा मोठी असे, हे माह्या फार उशिरा ध्यानात आलं. तिची पोरगी जगती तर शालूच्याच बरोबरीची झाली असती. मी तिले ते कधी बोलून दाखवलं नाई.

पण एक गोष्ट मी तिले जन्मभर विचारली. "खरं सांग सरवरे. ते मामाचं निमित्त शालूचं होतं. तुले पक्कं ठाऊक होतं ना, का मी कणगीमागं बसली हाव? तो जांभळा तुकडा तू आधीच भिंतीजवळ मांडून ठेवला होता. ती गोष्ट तू मामासाठी सांगितलीच नाई. मलेच सांगत होती ना?"

ती सुईत दोरा ओवायची, डोळे बारीक करून. अन् दर खेपी एकच म्हणायची, "मावशी, तुम्ही उठल्या नसत्या, तर ती पोरगी बाहेर कशी निघाली असती?"

हे काय उत्तर झालं काय? माहा संशय अजूनही गेला नाई.